माझ्या गोष्टीत बोकड नव्हताच!

ताई,

मी एका पतसंस्थेत नोकरी करते. मुलीला झोपवताना रचलेल्या गोष्टी वहीत लिहून ठेवायची सवय लागली, त्यातलीच 'आजीची छत्री' ही एक. आजी आणि नातू आठवड्याच्या बाजाराला जातात. सोबत आजोबांची जुनी छत्री असते, ती गर्दीत हरवते. दोघं बाजारभर शोधतात, छत्री काही सापडत नाही, आजी "जाऊ दे" म्हणते आणि दोघं भिजत घरी येतात. एवढीच गोष्ट.

माझी कॉलेजची मैत्रीण शाळेत चित्रकला शिकवते. दोघींनी मिळून पुस्तक करायचं ठरवलं. मी तिला अठराशे शब्दांची गोष्ट दिली, प्रत्येक पानावर काय काढायचं तेही लिहून दिलं. चार महिने झाले, एकही चित्र पूर्ण नाही. काड्यापेटीएवढे चौदा चौकोन आणि त्यात पेन्सिलच्या रेघोट्या, बस्स. वर मलाच सांगते, "निम्म्याहून जास्त वाक्यं काढून टाक." कळस म्हणजे तिनं गोष्टीत एक बोकड घुसवलाय! माझ्या गोष्टीत बोकड नाही. हा मात्र प्रत्येक चौकोनात आहे आणि छत्री त्याच्या तोंडात आहे. विचारलं तर म्हणते, "तू त्याच्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस."

भाचा म्हणतो, मावशी, ॲपवर पाच मिनिटांत चित्रं होतील. मैत्रीण दुखावेल म्हणून गप्प आहे. पण लेखक आणि चित्रकार मिळून काम करतात तरी कसं? आधी गोष्ट की आधी चित्र? शेवटचा शब्द कुणाचा? आणि नोकरी, घर सांभाळून हे सगळं करायचं कधी? तिच्या चौकोनांचा फोटो सोबत पाठवतेय, गोष्टही.

– छत्री हरवलेली, कराड

*

प्रिय छत्रीवाल्या बाई,

तुमचं पत्र वाचून आधी हसले. मग चष्मा लावून तो फोटो मोठा करून पाहिला आणि पुन्हा हसले. हे दुसरं हसू तुमच्या मैत्रिणीसाठी होतं. बोकड ठेवा. बाकी सगळ्यावर वाद घालू, पण बोकड ठेवा.

तुमचा राग मला कळतो, कारण तुमची चूक मी तुमच्याआधी केलेली आहे, आणि पगार घेऊन. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाचं काम मी पाहत असे. ऑगस्ट संपत आलेला, एक रहस्यकथा उशिरा हातात पडली. अख्खी कथा वाचायला चित्रकाराला वेळ नव्हता आणि त्याची वाट बघायला मला. मी शेवटची चार पानं काढून त्याच्या हातात दिली. म्हटलं, यातच काय तो सीन आहे. त्यानं इमानेइतबारे सीन काढला आणि मी तो कथेच्या पहिल्या पानावर, शीर्षकाच्या डोक्यावर, चांगला तीन कॉलमभर लावला. अंधारा जिना, जिन्यात वहिनी, वहिनीच्या हातात बत्ता. दिवाळीनंतर एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं : "खुनी कोण ते पहिल्याच पानावर सांगितल्याबद्दल आभारी आहे. पुढची चौदा पानं वाचायचा वेळ वाचला." ते कार्ड मी नोकरी सोडेपर्यंत टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. चित्रकाराचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला कथा दिलीच नव्हती, ऑर्डर दिली होती.

तुमच्या हस्तलिखितातही समासात लाल पेनानं लिहिलंय : "पान ६. आजी हिरव्या नऊवारीत, उजव्या हातात पिशवी, मागे भाजीवाल्या तीन (हसऱ्या)." त्या कंसातल्या 'हसऱ्या'वर मी बराच वेळ थांबले. हे वाचून कुठल्याही चित्रकाराची पेन्सिल बोथट होईल. ही झाली जिलेबीची ऑर्डर : एक किलो, केशरी, जरा कुरकुरीत. भाच्याचं ॲप ही ऑर्डर उत्तम पाळेल. भाजीवाल्या तीनच येतील, तिघी हसतील, हाताची बोटं मात्र मोजून घ्या. पण तुमची तक्रार नेमकी हीच आहे ना, की मैत्रिणीनं तुम्ही सांगितलेलं न काढता तिला दिसलेलं काढलं? बोकड तिथूनच आलाय.

आता त्या रेघोट्यांबद्दल. चार महिने ती बसून आहे असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते पुस्तकाचं सगळ्यात अवघड काम तिनं उरकलंय. चित्रकार मंडळी या चौकोनांना थंबनेल म्हणतात, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढं चित्र. एवढ्याशा जागेत नाक-डोळे काढताच येत नाहीत, म्हणून ते इतके लहान. तिथं फक्त मोठे प्रश्न सोडवता येतात. आजी पानात कुठं उभी, नातू तिच्यापेक्षा किती लहान, आभाळ किती, जमीन किती, काळं कुठं, पांढरं कुठं. मोठ्या कागदावर थेट रंगवायला बसलं की नऊवारीच्या काठात दोन दिवस जातात आणि मग कळतं की आजी पानाच्या चुकीच्या बाजूला उभी आहे. रंगवलेलं चित्र फाडवत नाही, काड्यापेटीएवढा चौकोन फाडवतो.

आणि ते चौदाच का, असं तुम्ही तिला विचारलंत का? पुस्तक छापताना मोठ्या कागदावर एका वेळी बरीच पानं छापतात आणि मग घड्या घालतात. आपल्याकडं सोळा पानांचा एक फर्मा, असे दोन फर्मे म्हणजे बत्तीस पानं. जगभर मुलांची चित्रपुस्तकं बहुधा 32 पानांची असतात ती यामुळं. त्यामागं साहित्यिक कारण कुठलंही नाही. त्यातली पहिली तीन पानं शीर्षक, अर्पणपत्रिका आणि प्रकाशकाच्या मजकुरात जातात, शेवटचं एक मोकळं सोडलं की समोरासमोरच्या पानांच्या चौदा जोड्या उरतात. तुमच्या मैत्रिणीनं हा हिशोब केलाय. तुमची गोष्ट तिनं चौदा श्वासांत बसवून पाहिली आहे.

मॉरिस सेंडाक या अमेरिकन लेखक-चित्रकाराचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे जे पुस्तक 1963 साली आलं आणि गाजलं, त्याची पहिली कच्ची प्रत त्यानं 1955 मध्ये केली होती. तेव्हा त्या गोष्टीत रानटी घोडे होते. गोष्ट पुढं सरकेना आणि सेंडाकला घोडे काही जमेनात. हे त्यानं सरळ कबूल केलं. घोड्यांच्या जागी नुसतं 'थिंग्ज' असा मोघम शब्द आला आणि मग त्याला ते प्राणी दिसले. लहानपणी दर रविवारी ब्रुकलिनच्या घरी जेवायला येणारे, गालगुच्चे घेणारे, दात किडलेले काका-मामा-मावश्याच त्यानं राक्षस करून टाकले. हातानं 'नाही' म्हटलं म्हणून लेखकानं शब्द बदलला. तिथं दोघं एकच होते, म्हणून भांडण घरात मिटलं. त्याच पुस्तकात चित्रं सुरुवातीला लहान, भोवती पांढरी चौकट. मुलगा रागावून घरापासून जसजसा लांब जातो तसतशी ती मोठी होत पान खाऊन टाकतात, आणि ऐन धिंगाण्यात सहा पानं एकही शब्द नाही. अख्ख्या पुस्तकात मिळून साडेतीनशेही शब्द नाहीत. तुमचे अठराशे आहेत.

म्हणजे आता कापाकापीवर यायलाच हवं. "निम्म्याहून जास्त काढ" हे ऐकून तुम्हाला वाटलं असेल की माझं लिखाण तिला फापटपसारा वाटतं. पण किती काढायचं हा प्रश्नच चुकीचा आहे. काय काढायचं ते बघा. तुमचंच पहिलं पान घेऊ :

"त्या दिवशी मंगळवार होता. आकाशात काळेकुट्ट ढग दाटून आले होते. आजीने हिरवी नऊवारी नेसली होती, कपाळावर मोठे कुंकू लावले होते आणि खांद्याला कापडी पिशवी अडकवली होती. कोपऱ्यात आजोबांची जुनी काळी छत्री उभी होती. आजोबा आता नव्हते, पण आजी रोज त्या छत्रीवरची धूळ पुसायची. 'चल बाळा,' ती म्हणाली."

ढग चित्रात दिसणार. नऊवारी, पिशवी, छत्रीचा काळेपणा, कोपरा, सगळं दिसणार. (कुंकवाचं मात्र दोघींनी ठरवा. आजोबा गेल्यावर या आजीनं कुंकू लावणं सोडलेलं नाही, हे मला फार आवडलं. तेही चित्रातच राहू दे, शब्दांनी बोट दाखवू नका.) आता यातलं चित्राला काय येत नाही ते बघा. "मंगळवार" काढता येत नाही. "रोज" काढता येत नाही, कारण चित्रात एकच क्षण मावतो, सवय मावत नाही. आणि "आजोबा नव्हते" हे तर जगातल्या कुठल्याच चित्रकाराला काढता येणार नाही. चित्राकडं नकार नसतो. रिकामी खुर्ची काढली तर ती रिकामी खुर्ची दिसते, बसणारा गेलाय हे शब्दच सांगतात. वास येत नाही, आवाज येत नाही. तुमच्या पान 9 वर "ओल्या गोणपाटाचा वास" आहे, त्याला कुणी हात लावला तर मला फोन करा.

तेव्हा पहिलं पान कदाचित असं उरेल :

"मंगळवार होता. आजी रोज एक छत्री पुसायची. आजोबांची. आजोबा आता नव्हते. आज आजी म्हणाली, 'चल, हिला बाजार दाखवू.'"

शेवटचं वाक्य माझं आहे, ते फेकून द्या, तुमचं तुम्हाला सापडेल. पण पन्नासेक शब्दांचे वीस झाले आणि गोष्टीतलं दुःख मघाशी नऊवारी आणि पिशवीच्या मागं लपलं होतं, ते पुढं आलं. खरं तर अठराशे शब्द वाया गेलेले नाहीतच. तुमच्या मैत्रिणीला आजी दिसली ती त्यातूनच. तो लांब खर्डा तिच्यासाठी होता, मुलांसाठी नव्हे. पाच वर्षांचं मूल सव्वाशे शब्द ऐकेपर्यंत चित्र बघून, पान उलटून, आजीच्या पुढं बाजारात पोचलेलं असतं.

हे कापणं मोठ्यानं वाचत करा. शेजारी मुलीला बसवा. ती जिथं पानाकडं बोट करून मध्येच बोलेल, तिथं तुमचं वाक्य जास्त झालंय असं धरा. पानाचं उलटणंही वापरायला शिका. आपण डावीकडून उजवीकडं वाचतो, त्यामुळं उजव्या पानाच्या खालचा कोपरा म्हणजे पडदा पडायची जागा. "आणि तेवढ्यात" तिथं हवं, छत्री गायब झाल्याचं दिसायला हवं पान उलटल्यावर. तुमच्या हस्तलिखितात ते एका परिच्छेदाच्या पोटात आहे. मैत्रिणीनं पाचव्या चौकोनात पुढच्या पानाकडं पळणारा नुसता शेपटीचा गोंडा ठेवलाय. बघितलात?

तर बोकड. पॅट हचिन्स या इंग्लिश बाईंचं 'रोझीज वॉक' नावाचं 1968 मधलं पुस्तक आहे. अख्ख्या पुस्तकात एकच वाक्य, 32 शब्दांचं. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते, आवार ओलांडते, तळ्याला वळसा घालते, गवताच्या गंजीवरून, गिरणीजवळून जाते आणि जेवणाच्या वेळेला घरी परत येते. मजकूर एवढाच. चित्रात मात्र पहिल्यापासून तिच्या मागं कोल्हा आहे. झेप घेतो आणि दाताळ्यावर आपटतो, पुन्हा झेपावतो आणि तळ्यात पडतो. पुस्तकात 'कोल्हा' हा शब्द एकदाही नाही. वाचणारी आई शांतपणे कोंबडीचा फेरफटका सांगत असते आणि मांडीवरचं पोर ओरडत असतं, "अगं, मागं बघ, मागं!" जे आईला माहीत नाही ते त्याला माहीत असतं. अजून वाचता न येणाऱ्या माणसाला असं मोठेपण दुसरं कुठं मिळणार? तुमची मैत्रीण "एक अक्षर लिहू नकोस" म्हणते त्याचा अर्थ हा. आजी आणि नातू बाजारभर छत्री शोधणार आणि पोरांना ठाऊक असणार ती कुठं आहे. तुम्ही "आणि एक खट्याळ बोकड" असं नुसतं लिहिलंत तरी ते गुपित फुटलं. माझ्या जिन्यातल्या वहिनीसारखं.

आपल्याकडं हे नवीन नाही. शि. द. फडणीसांनी पन्नासच्या दशकात बसस्टॉपवरच्या एका जोडीचं चित्र केलं. एकाच्या कपड्यांवर उंदरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरांची. एकही शब्द नाही, तरी माणसं हसली. याच फडणीसांनी पुढं शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतली चित्रं काढली, माझ्या पिढीच्या बऱ्याच जणांची त्या विषयाची भीती तिथं थोडी कमी झाली. आणि 'ललित' मासिकातला ठणठणपाळ आठवतो? लिहीत होते जयवंत दळवी, पण वाचकांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला तो वसंत सरवट्यांचा ठणठणपाळ, हातात भला मोठा हातोडा घेतलेला. लेखक टोपणनावामागं दडलेला, चेहरा दिला चित्रकारानं. त्या हातोड्याचा दळवींना राग आला असता तर?

शेवटचा शब्द कुणाचा, असं विचारलंत. बहुतेकदा प्रकाशकाचा, पण ते सोडा. 'ॲलिस इन वंडरलँड'चा लेखक लुईस कॅरल चित्रांच्या बाबतीत अतिशय चिकित्सक माणूस होता. मूळ हस्तलिखितात त्यानं स्वतः चित्रं काढली होती, त्यामुळं आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटायचं. (कुणाची आठवण होते?) चित्रकार जॉन टेनिएलही वरचढ. 1865 साली पहिलं पुस्तक छापून झालं, दोन हजार प्रती तयार झाल्या, आणि टेनिएल म्हणाला, माझी चित्रं नीट छापलेली नाहीत. कॅरलनं ती आवृत्ती मागं घेऊन पुस्तक पुन्हा छापून घेतलं. दुसऱ्या भागाच्या वेळी तर टेनिएलनं अख्ख्या प्रकरणावरच बोट ठेवलं. त्यात केसांचा टोप घातलेली गांधीलमाशी होती. हे चित्र चित्रकलेच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि प्रकरणही मला रुचत नाही, असं त्यानं कळवलं. कॅरलनं प्रकरण काढून टाकलं. 1871 मध्ये पुस्तक त्याशिवाय आलं, आणि त्या प्रकरणाची मुद्रितं थेट 1974 मध्ये एका लिलावात उजेडात आली. वाचली तर कळतं, टेनिएलचं फारसं चुकलं नव्हतं.

दोघांचं पटलं तर कसं होतं, त्याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण चपलेचं आहे. रोआल्ड डाल या ब्रिटिश लेखकाच्या 1982 मधल्या एका पुस्तकात एक भला, प्रचंड राक्षस आहे. डालनं त्याला आधी लांब ॲप्रन आणि गुडघ्यापर्यंतचे बूट दिले होते. चित्रकार क्वेंटिन ब्लेकनं तसंच काढलं. चित्र बघितल्यावर डालच्या लक्षात आलं की राक्षस सारखा धावतो, उड्या मारतो, आणि ॲप्रन मध्ये येतोय. ॲप्रन गेला, बूटही गेले. मग पायात काय? दोघांना सुचेना. काही दिवसांनी ब्लेकच्या घरी टपालानं खाकी कागदात कसंबसं गुंडाळलेलं एक पुडकं आलं. आत डालची स्वतःची, मोठ्या मापाची, नॉर्वेतली सँडल. राक्षसाच्या पायात तीच आहे.

तुम्हीही लाल पेन ठेवून द्या आणि मैत्रिणीला वस्तू पाठवा. आजोबांची खरी छत्री माळ्यावर असेल तर ती पाठवा. मुठीची झीज, एखादी मोडून तारेनं बांधलेली काडी, कापडावरचं ठिगळ, यातून तिला जे मिळेल ते तुमच्या विशेषणांतून मिळणार नाही. नाहीतर दोघी मिळून एखाद्या आठवडी बाजारात जा. तिनं चित्रवही घ्यावी, तुम्ही कान घेऊन जा. ती माणसं बसतात कशी ते टिपेल, तुम्ही ती घासाघीस कशी करतात ते. सत्यजित राय सिनेमासाठी लाल कापडी बांधणीच्या, हिशोबाच्या चोपड्यांसारख्या वह्या वापरायचे, बंगालीत त्यांना खेरोर खाता म्हणतात. एकाच पानावर संवाद, चेहरे, कपडे, कॅमेऱ्याच्या चौकटी. आणि 'पथेर पांचाली' त्यांना सिनेमा म्हणून पहिल्यांदा दिसला तो चित्रकार असताना, त्या कादंबरीच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढताना, सिनेमा येण्याच्या दहा-अकरा वर्षं आधी. आधी गोष्ट की आधी चित्र, याचं उत्तर मला अशा वह्या बघितल्यापासून देता येत नाही.

छत्रीला साधारण आठ काड्या असतात, बरं का. मैत्रिणीनं तिसऱ्या चौकोनात सहा काढल्यात, नवव्यात आठ. कच्च्या चित्रात चालतं, पण पक्क्यात मुलं मोजतात. बोकडाचा कुठला कान फाटका आहे तेही तिनं वेगळ्या कागदावर, चारी बाजूंनी बोकड काढून ठरवून टाकावं. चौथ्यात डावा आहे, अकराव्यात उजवा झालाय.

वेळेचं. पहाटे चारला उठणाऱ्या लेखकांच्या मुलाखती वाचून तुम्ही खचला आहात असं दिसतं. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते, नोकरी सांभाळून त्यांनी एवढं काम केलं. बिअॅट्रिक्स पॉटरनं सशाची गोष्ट 1893 मध्ये एका आजारी पोराला पत्र म्हणून लिहिली होती, चित्रांसकट. पुस्तक करायचं मनात आलं ते काही वर्षांनी, तेव्हा तिनं ते पत्र त्या मुलाकडून परत मागून उतरवून घेतलं. प्रकाशक नाही म्हणाले, म्हणून 1901 मध्ये स्वतःच 250 प्रती छापल्या, मग पुढच्या वर्षी प्रकाशक आला. तुमच्याकडं रात्रीची अर्धी घटका असेल तर अर्ध्या घटकेचं काम निवडा. एका रात्री एक चौकोन. त्या चौकोनाखाली जास्तीत जास्त तीन वाक्यं. चौदा रात्री म्हणजे फार नाही. मार्च अखेर सोडून, पतसंस्थेत त्या वेळी कुणाला गोष्ट सुचत नाही.

मैत्रिणीशी व्यवहाराचंही बोला, पुस्तक होण्याआधी. मुखपृष्ठावर दोघींची नावं सारख्याच मापात. आपल्या कायद्यात मजकुराचा हक्क लिहिणारीचा आणि चित्रांचा काढणारीचा, दोन्ही वेगळे. रॉयल्टी निम्मी-निम्मी, आणि हे सगळं कागदावर. मैत्री आहे म्हणून लिहायचं नाही, असं करू नका, मैत्री आहे म्हणूनच लिहा.

जाता जाता, ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली माधुरी पुरंदरे यांची मुलांची पुस्तकं आणा. लिहिणारी आणि काढणारी बाई एकच. आधी मजकुरावर तळहात ठेवून नुसती चित्रं वाचा, मग चित्रं झाकून नुसता मजकूर. दोन्ही वेळा गोष्ट थोडी अपुरी राहते का ते बघा. नंतर तोच तळहात तुमच्या अठराशे शब्दांवर ठेवा.

आता फोटोतला तेरावा चौकोन पुन्हा उघडा. तुम्ही तो नीट पाहिलेला नाही असं पत्रावरून वाटतं, कारण तुमचा लाल पेन तिथं नातवाच्या चपलेवर अडलाय. पाऊस पडतोय. नातू पुढं, डबक्यात उड्या मारत. मागं पिंपळाखाली छत्री उघडी पडली आहे आणि तिच्याखाली बोकड, कोरडा, आरामात बसलेला. आणि आजीची मान वळलेली आहे. अगदी दोन रेघांत, पण वळलेली आहे. ती बोकडाकडं बघतेय, हाक मारत नाहीये, नातवाला सांगतही नाहीये. तुमच्या गोष्टीतली आजी छत्री शोधून दमते आणि "जाऊ दे" म्हणते. तुमच्या मैत्रिणीच्या चित्रातल्या आजीला छत्री सापडते, आणि मग ती "जाऊ दे" म्हणते.